पातं लवतं

१

"त्या मशीनचं पातं लवतं," धारवाला सांगत होता. "थट्टा नाही करत. आणि लवलं ना, की समोर उभा असलेला माणूस क—"

इथेच समोरच्या गिऱ्हाइकाने त्याला कोपराने ढोसलं, कारण दुकानाच्या दारात काकू उभ्या होत्या. हातात धार लावायच्या दोन कात्र्या आणि चेहऱ्यावर काहीच ऐकलं नसल्याचा भाव.

काकूंना गल्ली तोंडावर काकू म्हणायची आणि पाठीमागे रेडिओ. काकूंना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दुसऱ्याचा फारसा राग नव्हता. रेडिओ स्वतःच्या पदरचं थोडंच सांगतो? पण ही बातमी अर्धीच हाती लागली होती, आणि अर्धी बातमी म्हणजे दातात अडकलेला तंतू. जीभ सारखी तिथेच जाते.

"कुठल्या मशीनचं हो?"

"कात्र्या संध्याकाळी घेऊन जा, काकू."

"मी कात्र्यांचं नाही विचारलं."

"मी कात्र्यांचंच सांगतोय," असं म्हणून धारवाल्याने दगड सुरू केला. ठिणग्या उडायला लागल्या. त्या आवाजात कुणाला काय विचारणार?

पण विचारायची गरजही नव्हती. महिन्याभरात या भागात एकच मशीन हात बदलून आलं होतं. बंद पडलेल्या कुठल्याशा वर्कशॉपमधली टेबल करवत, टेबलाच्या पोटातून गोल पातं वर येणारी. ती आता काकूंच्या शेजारी, सुतारभाऊकडे, त्याच्या जुन्या करवतीच्या जागी होती.

घरी येताना काकूंना हसू फुटलं. पातं लवतं ते डोळ्याचं. करवतीचं पातं लवायला त्याला काय पापण्या आहेत? मग त्यांना वाटलं, लवणं म्हणजे वाकणंही की. वाकलं असेल. एवढ्याचा केवढा गवगवा.

पण मग तो 'क' कशाचा?

२

काकू कपडे शिवायच्या. त्यांच्या शिवणखोलीची एक भिंत ती सुतारभाऊच्या वर्कशॉपची भिंत. अलीकडे भिंतीला पाठ करून काकू मशीनवर बसायच्या, पलीकडे भिंतीला पाठ करून भाऊ करवतीवर उभा राहायचा. वीस वर्षं दोघांची पाठीला पाठ, मधे वीतभर विटा. काकूंच्या समोर आतल्या खोलीचं दार, ते कायम सताड उघडं, आणि दारातून दिसायचे आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलेले काका.

करवतीच्या आवाजाचं काकूंना काही नव्हतं. आधी गुरगुर, मग एकसुरी किंचाळी, मग फळी लागली की जाड झालेला सूर. त्यावर काकूंना झोपसुद्धा लागायची.

त्या दुपारी त्या कॉलर पालटत होत्या, आणि आवाज मधेच तुटला.

वीज गेली म्हणावं तर डोक्यावरचा दिवा जळत होता. मोटार थांबली म्हणावं तर थांबणारी मोटार खाली उतरत जाते आणि सुरू होणारी वर चढत जाते. हा सूर उतरला नाही की चढला नाही. होता, नव्हता, होता. डोळ्याचं पातं लवावं तेवढंच.

"ऐकलंत का हो?" काकूंनी आत हाक मारली. "आवाज मधेच बंद पडला."

"तुझा?" काका पेपरामागून म्हणाले. "आमचं एवढं कुठलं नशीब."

काकू उठल्या आणि सरळ शेजारी गेल्या.

सुतारभाऊ ऐकून हसला. "धारवाल्याला नवीन पातं विकायचंय, ताई, बाकी काही नाही. पातळ पातं तापलं की लवतं थोडंसं. त्यात काय!"

"आणि आवाज तुटतो तो?"

"मला नाही ऐकू आला. मी तर मशीनवरच उभा आहे." त्याने नाकावरून घसरलेला चष्मा बोटाने वर सारला. "पण एक गंमत आहे, बघा. करवत स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खाते. तो काप. तीन मिलिमीटर. म्हणजे तीस सेंटिमीटरची फळी मधोमध चिरली आणि दोन पट्ट्या परत जोडून ठेवल्या, तर तीन मिलिमीटर कमी भरायला हव्यात. बरोबर?"

"बरोबर. शिवणीत कापड जातं तसंच."

"मोजा मग."

काकूंनी गळ्यातली टेप काढून दोन पट्ट्यांवर आडवी धरली. तीस. दोरा इकडे नाही की तिकडे नाही.

"सगळ्याच नाही हं," भाऊ म्हणाला. "आठवड्यात एखाद-दोन अशा निघतात. फुकटचं लाकूड!"

"भुसा पडतो ना पण?"

"पडतो की."

"मग तो भुसा कशाचा?"

भाऊ दिलखुलास हसला आणि चष्मा परत वर सारला. त्या हसण्यात काकूंना काहीतरी खटकलं. काय ते घरी येऊन सुईत दोरा ओवताना लक्षात आलं, आणि दोरा ओवायचा राहून गेला. भाऊच्या पुढच्या दोन दातांत फट होती. लहानपणापासूनची. त्या फटीतून तो काम करताना शीळ घालायचा.

ती फट नव्हती.

३

"ताई, पुतणीच्या लग्नाला यांना एक शर्ट शिवा," सुताराची बायको दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन आली. "जुने सगळे खांद्यावरून उतरायला लागलेत. बारीक झालेत म्हणावं तर जेवण दुप्पट. आणि पोट बघा, जागच्या जागी."

"पोट म्हणजे इस्टेट आहे," भाऊ म्हणाला. "ती अशी हलत नाही."

काकूंनी मापवही काढली. गेल्या वर्षीचं पान. खांदा साडेसतरा इंच. त्यांनी टेप लावली.

पावणेसतरा.

"सरळ उभे राहा बघू, भाऊ."

"सरळच आहे."

परत लावली. पावणेसतरा. टेप जुनी, ताणली गेली असेल, म्हणून त्यांनी कपाटातली कोरी टेप काढली. तीही तेच म्हणाली. माणूस वाळतो तो मांसाने वाळतो. गळा सुटतो, मनगट सुटतं, दंड सुटतात. भाऊचं मनगट तसंच होतं, दंड तसेच, बाही तेवढीच. खांदा तेवढा कमी, आणि खांदा म्हणजे हाड.

त्यांनी मानेच्या मणक्यापासून डावीकडे मोजलं, मग उजवीकडे. दोन्हीकडून सारखंच गेलं होतं.

म्हणजे कडेने नव्हतं गेलं. मधून गेलं होतं. पाठीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत कापडाला घालावी तशी बारीक चूण घालून कुणी शिवून टाकलं असावं, तसं. काकूंनी नकळत त्याच्या कण्यावरून बोट फिरवलं. शिवण काही लागली नाही.

"गुदगुल्या होतात, ताई!"

"काय झालं हो?" सुताराची बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "माप नीट आहे ना?"

"मागच्या वेळी मीच चुकले असेन," काकू म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांनी हे वाक्य कुणालाही म्हटलं नव्हतं.

४

रात्रभर काकूंनी स्वतःला समजावलं. मागचं माप जाड स्वेटरवरून घेतलं असेल. दाताची फट डॉक्टरकडून भरून घेतली असेल. हल्ली काय काय करतात लोक. सगळ्याला उत्तर होतं. फक्त एका उत्तराला दुसरं जोडून ठेवलं, की बेरीज भलतीच व्हायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टाके घातलेला शर्ट अंगावर लावून बघायच्या निमित्ताने वर्कशॉपमध्ये गेल्या. दार भाऊच्या समोरच्या कोपऱ्यात होतं. करवत चालू होती म्हणून काकू उंबऱ्यातच थांबल्या. चालत्या करवतीवरच्या माणसाला हाक मारू नये, एवढं वीस वर्षांत त्यांना कळलं होतं.

भाऊ खाली मान घालून फळी पुढे ढकलत होता. त्याच्या मागच्या भिंतीवर अवजारं टांगलेली. पटाशा, रंधा, आणि बरोब्बर त्याच्या पाठीमागे खिळ्यावर गुण्या, काटकोन बघायचा पितळी कडेचा.

आवाज तुटला.

आणि काकूंना गुण्या दिसला. भाऊच्या शेजारून नाही. भाऊमधून. त्याच्या भांगापासून पट्ट्यापर्यंत एक उभी रेघ, दार नीट न लागल्यावर राहते तेवढी, आणि त्या रेघेत पितळ चकाकत होतं.

मग आवाज होता, आणि भाऊ होता, आणि गुण्या त्याच्या पाठीआड होता. भाऊने फळी संपवली, मशीन बंद केलं, चष्मा वर सारला.

"अरे, ताई! कधीच्या उभ्या आहात?"

"आत्ताच," काकू म्हणाल्या. त्यांनी शर्ट पुढे केला.

आपल्या चष्म्यावर ओरखडा असेल, त्या मनाशी म्हणाल्या. भुसा उडत होता, ऊन तिरपं होतं, सकाळपासून नुसत्या चहावर आहे. पण चष्म्यावरचा ओरखडा मान वळवली की सोबत वळतो. ती रेघ वळली नव्हती. ती मिटली होती.

५

"कमी होतो," धारवाला अखेर म्हणाला. काकू तासभर त्याच्या बाकावर ठाण मांडून बसल्या होत्या. एका गिऱ्हाइकाला त्यांनी परस्पर पिटाळलंही होतं. "समोर उभा असलेला माणूस कमी होतो, असं मी म्हणत होतो. झालं समाधान?"

"हात-बोटं जातात?"

"नाही हो. आधीचा मालक माझं नेहमीचं गिऱ्हाईक. दहाच्या दहा बोटं शाबूत. पण शेवटी शेवटी यायचा ना, तर समोरासमोर उभाच राहायचा नाही. असा, आडवा वळून, खांदा माझ्याकडे करून बोलायचा. मी म्हटलं, अहो इकडे बघा की. तर म्हणाला, नको. तुम्हाला बरं नाही वाटणार."

"मग?"

"मग काय? एके दिवशी बायको एकटीच आली. म्हणाली, मशीन विकायचंय."

"आणि तो?"

धारवाल्याने एक पातं उचललं, फुंकर मारली, परत ठेवलं. "मी विचारलं नाही. सगळेच तुमच्यासारखे नसतात, काकू."

या टोमण्याला एरवी काकूंनी व्याजासकट परतफेड केली असती. आज त्या नुसत्या म्हणाल्या, "उपाय सांगा."

उपाय म्हटल्यावर धारवाल्याला धीर आला. हा त्याच्या धंद्यातला प्रश्न होता. पातं लवतंय ना, मग बदला. त्याने एकेक फळीवर मांडलं. हे चोवीस दातांचं, उभं चिरायला. कमी दात, भुसा पटापट बाहेर पडतो. हे साठ दातांचं, आडवं कापायला. कड कशी काचेसारखी. आणि दोन्ही करायचं, तर मधलं, चाळीस दातांचं.

"लवणार नाही ते कुठलं?"

"दातांवर नाही ते, जाडीवर आहे. पातळ पातं लाकूड कमी खातं, मोटारीला हलकं पडतं, पण लवतं. जाड पातं लवत नाही."

"मग जाडच द्या. तुमच्याकडचं सगळ्यात जाड."

"काप मोठा जाईल."

"जाऊ दे," काकू म्हणाल्या. "आणि मशीन सुताराला एकदा रेषेत लावून घ्यायला सांगते."

"तेच सांगणार होतो. पातं खाचेला समांतर हवं. वाकड्या मशीनवर सोन्याचं पातं बसवलं तरी वाकडंच."

६

सुट्टीच्या दिवशी सकाळी काकू बॅटरी आणि नवं पातं घेऊन हजर झाल्या. भाऊला भीती घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या बायकोला मी वचन दिलंय." बायकोला यातलं अक्षर माहीत नव्हतं. भाऊने प्लग काढला, तर काकूंनी पुढे होऊन वायर गुंडाळून टेबलापासून लांब ठेवली. तरी समाधान होईना, मग त्या वायरवर पाय देऊन उभ्या राहिल्या.

"ताई, खडू आहे का तुमच्याकडे?"

शिवणखडू काकूंच्या खिशात कायम असायचा. भाऊने पातं पुरतं वर घेतलं आणि एका दातावर खडूने निळी खूण केली. टेबलात लाकूड सरकवायची सरळ खाच असते, त्या खाचेपासून खुणेच्या दातापर्यंतचं अंतर त्याने पुढच्या बाजूला मोजलं. मग हाताने पातं फिरवून तोच दात मागे नेला आणि मागचं अंतर मोजलं.

"तोच दात कशाला? इतके आहेत की."

"दुसरा घेतला तर पात्याची खोड कुठली आणि मशीनची कुठली, कळत नाही. एकच दात दोन्हीकडे नेला, की बोलतं ते फक्त मशीन." तो वाकला, परत मोजलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "चांगलंच वाकडं आहे की हो. पुढचं टोक डावीकडे वळलंय."

"तुम्ही कुठे उभे राहता?"

"डावीकडेच. पात्याच्या रेषेत कधी उभं राहायचं नसतं. फळी मागे उसळली तर पोटात बसते."

"भाऊ," काकू हळूच म्हणाल्या, "तुम्ही रेषेत नव्हता उभे. पण पातंच तुमच्याकडे बघत होतं की."

भाऊने हसायचा प्रयत्न केला. तो टेबलाखाली शिरला, बोल्ट सैल केले, लाकडी हातोडीने एकेक हलका टोला दिला. मोजायचं, टोला, मोजायचं. तासाभराने पुढचं आणि मागचं अंतर केसाएवढंही वेगळं राहिलं नाही. त्याने बोल्ट आवळले, जुनं पातं काढलं आणि सहज म्हणून खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर आडवं ठेवलं. वाकलेलं पातं काचेवर डुगडुगतं. हे डुगडुगलं नाही. भाऊने कडेखाली कागद सारून बघितला. कागद कुठेच जाईना.

"हे तर सरळ आहे," तो म्हणाला. "लवलेलं नाहीच."

भाऊने ते कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं.

"नवीन बसवा," काकू म्हणाल्या.

नवं पातं बसलं. भाऊने एक डोळा मिटून दुसऱ्याने पात्याच्या कडेवरून नजर टाकली, मग अंगठ्याने खांद्यावरून मागे दाखवलं. "घ्या. आता माझ्याकडे नाही बघत. सरळ भिंतीकडे बघतंय."

काकूंना इतकं हलकं वाटलं, की घरी येऊन त्यांनी काकांना न मागता चहा दिला. काकांनी शंकेने विचारलं, "काय फोडलंस?"

७

आठ दिवस काकू काही ना काही निमित्ताने भाऊचा खांदा मोजत होत्या. पावणेसतरा. पावणेसतरा. पावणेसतरा. गेलेलं परत आलं नव्हतं, पण आणखी जातही नव्हतं. आवाजही तुटला नाही. काकू दिवसभर कान लावून मशीनवर बसायच्या, पाठीमागे करवत एकसंध किंचाळायची, आणि ती किंचाळी त्यांना अंगाईसारखी वाटायची.

नवव्या दिवशी भाऊ दोऱ्यांच्या रिळांसाठी एक फडताळ घेऊन आला. मोबदला नको म्हणाला. फळ्यांच्या कडा अशा, की हात फिरवत राहावं.

"ताई, तुमची माफी मागायला आलोय," तो म्हणाला. "मी तुम्हाला हसलो होतो. पण तुम्ही म्हणत होता ते खरं आहे."

"काय म्हणत होते मी?"

"आवाज तुटतो ते. आता मलाही ऐकू येतं. नवं पातं बसवल्यापासूनच. सुरुवातीला वाटलं कान वाजतात, पण काल दोनदा झालं, आज सकाळी एकदा. अगदी तुम्ही सांगितलं तसं. होता, नव्हता, होता. तुम्हाला ऐकू आलं असेलच."

"मला नाही आलं," काकू म्हणाल्या. "मी तर इथेच बसलेय."

हे वाक्य आपण आधी कुठेतरी ऐकलंय, असं त्यांना वाटलं. भाऊच्याच तोंडून. तो करवतीवर उभा असायचा आणि त्याला कधीच ऐकू यायचं नाही.

दुसऱ्याचा डोळा लवलेला दिसतो. स्वतःचं पातं लवलेलं कुणाला कळतं?

काकूंनी मागे वळून भिंतीकडे बघितलं. मग भिंतीसमोरच्या आपल्या खुर्चीकडे. भाऊही बघत होता. त्याचा अंगठा नकळत वर आला होता, त्या दिवशी खांद्यावरून मागे दाखवताना होता तसा, आणि तसाच हवेत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "तुमचा चष्मा..."

चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. काकूंनी तो वर सारला. तो परत खाली आला. आठवडाभर असंच चाललं होतं. त्यांना वाटलं होतं, घामाने घसरतोय.

त्या एकदम उठल्या आणि खुर्चीपासून बाजूला झाल्या, भिंतीला खेटून कोपऱ्यात. जाड पातं त्यांनी स्वतः निवडलं होतं. सगळ्यात जाड. धारवाला म्हणाला होता ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. कमी होण्यासाठी समोर उभं राहावं लागत नव्हतं. नुसतं रेषेत असलं की पुरे होतं, मधे भिंत असली तरी.

काकूंची नजर खुर्चीवरून निघाली, सरळ पुढे गेली, सताड उघड्या दारातून आत.

"अगं ए," आरामखुर्चीतून काका कुरकुरले, "माझ्या चष्म्याच्या काड्या कुणी ताणून ठेवल्यात? दोन दिवस झाले, नाकावर ठरत नाहीये."